पावसाच्या आधी कुत्र्यांचा विमा काढू का? एजंट म्हणतो टिक फिव्हरचं लिहू नका

पत्र:

नमस्कार. आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. घरी दोन कुत्रे आहेत. ब्राऊनी ही लॅब्राडॉर, 3 वर्षांची, आणि काळू हा गावठी, मोरजीच्या किनाऱ्यावरून आणलेला, त्याचं वय नक्की माहीत नाही पण व्हेट म्हणतात 5 च्या आसपास असेल. गेल्या पावसाळ्यात ब्राऊनीला टिक फिव्हर, म्हणजे गोचिडींमुळे येणारा ताप, झाला, चार दिवस रोज सलाईन लावायला नेलं, 11 हजार गेले. आता एका एजंटने दोन कोट दिलेत. एक स्वस्त आहे पण त्यात कुत्रा गेला तरच पैसे. दुसऱ्यात ऑपरेशन, हॉस्पिटल, ओपीडी, चोरी, मृत्यू, दुसऱ्याला चावला तर, असं सगळंच आहे पण दोघांचे मिळून वर्षाला 14 हजार होतात. टिक फिव्हरचं फॉर्मवर लिहू नका, कोण बघतंय, असं एजंट म्हणतो. नवरा म्हणतो विमा कशाला, तेवढेच पैसे बँकेत आरडीत टाकू. तुम्हीच सांगा.
ब्राऊनी-काळूची आई

उत्तर:

ताई, नमस्कार.

आधी एजंटचं बोलते, बाकी सगळं नंतर, कारण तिथे चूक झाली तर 14 हजारवाली घ्या नाहीतर 40 हजारवाली घ्या, काही उपयोग नाही. टिक फिव्हर फॉर्मवर लिहायचाच. विम्याचा सगळा व्यवहार त्या फॉर्मवर उभा असतो, त्यात तुम्ही जे लिहून देता ते खरं धरून कंपनी पॉलिसी देते, आणि खाली सही एजंटची नसते, तुमची असते. एजंट म्हणतो कोण बघतंय, तर पॉलिसी देताना खरंच कोणी बघत नाही, बघतात ते क्लेमच्या वेळी. तेव्हा कंपनी व्हेटकडून आधीचे केसपेपर मागवते, रक्ताचे रिपोर्ट मागवते, आणि ब्राऊनीच्या प्लेटलेटच्या रिपोर्टवर तारीख असणारच ना, लॅबकडे पण ती असणार. मग उद्या तिचा पाय मोडला, ज्याचा टिक फिव्हरशी काडीचा संबंध नाही, तरी माहिती लपवली म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकते, पॉलिसीच रद्द करू शकते.

आणि लिहिलं तर काय होतं? फार तर कंपनी म्हणेल टिक फिव्हर आम्ही धरणार नाही, किंवा एक वर्ष धरणार नाही, किंवा प्रीमियम थोडा वाढवेल, कधीकधी आजार पूर्ण बरा झालाय असं व्हेटचं सर्टिफिकेट घेऊन काहीच करत नाहीत. म्हणजे लिहून एक आजार जाईल, लपवून सगळंच जाईल. एजंटला एवढंच सांगा की "लिहू नका" हे मला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. तो पाठवणार नाही बघा.

हे मी इतक्या तळमळीने सांगते कारण माझ्यावर वेळ आलीय. आमच्या फोंड्याच्या घरी ढवळी होती, मिक्स ब्रीड, तिला एका ऑगस्टमध्ये लेप्टो झाला. पावसात कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, फिरायची, साचलेल्या पाण्यात उंदीर मुततात, त्यातून तो येतो. सहा दिवस आत ठेवावं लागलं, किडनीवर आलं होतं, बिल 37 हजार. पॉलिसी होती, आम्ही निर्धास्त. क्लेम टाकला तर कंपनीने लसीचं कार्ड मागितलं. त्या वर्षीचं इंजेक्शन व्हेटनी घरी येऊन दिलं होतं, कार्डावर तारीख लिहिली होती पण लसीच्या बाटलीचा स्टिकर लावायचा राहिला होता आणि सही पण नव्हती. बहुतेक पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की लसीने टळणारे आजार, म्हणजे रेबीज, डिस्टेंपर, पार्वो, लेप्टो, हे लस वेळेवर दिल्याचा पुरावा असेल तरच धरले जातात. कंपनीने पुरावा अपुरा म्हणून हात वर केले. व्हेटनी नंतर पत्र दिलं तरी ऐकलं नाही. ढवळी वाचली, अजून चार वर्षं जगली, पण ते 37 हजार आम्ही सोनं ठेवून भरले. त्यामुळे आज उत्तर वाचून झाल्यावर दोघांची कार्डं काढा आणि प्रत्येक लसीसमोर स्टिकर, तारीख, सही आणि व्हेटचा रजिस्ट्रेशन नंबर आहे का ते बघा. नसेल तर पुढच्या खेपेला नाही, याच आठवड्यात जाऊन लावून घ्या.

आता तुमच्या मिस्टरांचं. त्यांचं म्हणणं अर्धं अगदी बरोबर आहे आणि ते अर्धं तुम्ही ऐका. दर महिन्याला लागणारा खर्च, म्हणजे लसी, जंताची गोळी, कान साफ करणं, खाज, जुलाब, हे विम्यात टाकू नका. यातलं बरंचसं पॉलिसीत बसतच नाही, आणि ओपीडी कव्हर वेगळं घेतलं तर त्याला वर्षाची छोटी मर्यादा असते, वर प्रत्येक वेळी बिल, प्रिस्क्रिप्शन, फॉर्म, स्कॅन करा, पाठवा. ओपीडीचा जादा प्रीमियम किती आणि त्यातून वर्षात जास्तीत जास्त किती परत मिळू शकतात हे एजंटकडून दोन आकड्यांत मागा. फरक थोडाच असेल तर तेवढे पैसे आरडीतच जाऊ देत.

पण उरलेलं अर्धं चुकतं ते असं. महिन्याला हजार टाकलेत तर मे महिन्यापर्यंत आरडीत किती होणार, तीन-चार हजार? आणि मे महिन्यात गोव्यात लॅब्राडॉर काय करतो ते आमच्या शेजाऱ्यांना विचारा, त्यांच्या लॅबने मानकुराद आंब्याचा बाठा, म्हणजे कोय, गिळला. लॅब काहीही गिळतात, मोजे, नारळाची सोडणं, मासळीची डोकी, पण बाठा आतड्यात अडकला की पुढे जात नाही, कुत्रा ओकत राहतो, खाणं बंद, एक्स-रेमध्ये पण कधी नीट दिसत नाही मग सोनोग्राफी करा, आणि दोन दिवस गेले तर आतडं कुजायला लागतं. पोट उघडावं लागलं. ऑपरेशन, भूल, चार दिवस आत, औषधं, सगळं धरून 48 हजार. असा खर्च एकदम येतो आणि आजच्या आज हवा असतो. आरडी पाच वर्षांनी चांगली होईल, पण बाठा काही पाच वर्षं थांबत नाही. म्हणून मी म्हणते दोन्ही करा, छोट्यासाठी आरडी आणि मोठ्यासाठी विमा, आणि विमा निव्वळ मोठ्यासाठीच.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या कोटमधलं "सगळंच" तुम्हाला नकोय. त्यातलं ऑपरेशन-हॉस्पिटलायझेशन आणि थर्ड पार्टी लायबिलिटी, म्हणजे कुत्र्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई, ही दोन ठेवा. एजंटला सांगा ही दोनच धरून परत कोट द्या, जीएसटी धरून. तो म्हणेल पॅकेज आहे, तुटत नाही, तर दुसऱ्या कंपनीचं बघा. 2020 मध्ये बजाज अलियान्झने कुत्र्यांची पॉलिसी आणली त्यात ऑपरेशन-हॉस्पिटलायझेशन हे मुख्य कव्हर आणि बाकीची वर जोडायची अशीच रचना होती, त्यानंतर बाकीच्या खाजगी कंपन्याही आल्या. सरकारी कंपन्यांच्या जुन्या पॉलिसी वेगळ्या, त्या गुरांच्या विम्याच्या वळणावरच्या, म्हणजे जनावर मेलं तर पैसे. तुमचा स्वस्त कोट त्याच जातीचा दिसतो.

तो स्वस्तवाला का नको तेही सांगते. ब्राऊनी गेली तर तिच्या किमतीएवढे पैसे मिळतील. तुम्हाला किंमत हवीय की ब्राऊनी हवीय? ज्याचा ब्रीडिंगचा धंदा आहे त्याला ते कव्हर ठीक. काळूची तर कागदावर किंमतच नाही, त्याला सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची कमाल रक्कम, किती देणार? शिवाय मृत्यूच्या क्लेमला व्हेटचा दाखला, फोटो, कधी पोस्टमॉर्टेम मागतात. जीव गेलेला असताना त्याला गाडीत घालून पोस्टमॉर्टेमला न्यायचं हे कोणाच्याने होणार आहे? चोरी-हरवण्याचं कव्हर पण सोडा, पण हरवण्याची भीती खरी आहे बरं का. दिवाळीत नरकासुराच्या रात्री गावागावात जे दणदणतं आणि फटाके फुटतात त्यात कुत्रे घाबरून गेट ओलांडून पळतात, दुसऱ्या दिवशी पहाटे व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोच फोटो. त्यावर उपाय विमा नाही, मायक्रोचिप आहे. मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप, तिला 15 आकडी नंबर, एकदाच बसवायची. तिचा दुसरा फायदा म्हणजे विमा कंपनीला हाच तो कुत्रा असं दाखवता येतं, काही कंपन्या चिप असेल तर प्रीमियममध्ये सूट देतात. काळा गावठी कुत्रा दुसऱ्या काळ्या गावठी कुत्र्यापेक्षा वेगळा कसा ओळखणार, क्लेमच्या वेळी हा प्रश्न येतोच. त्यामुळे चिपचा खर्च करा, काळूसाठी तर नक्कीच.

आता खरी मेख. तुम्ही लिहिलंय ब्राऊनीला चार दिवस "सलाईन लावायला नेलं". म्हणजे रोज सकाळी नेलं, दुपारपर्यंत सलाईन, संध्याकाळी घरी, असंच ना? आपल्याकडे बहुतेक क्लिनिकमध्ये असंच चालतं, रात्री कुत्र्याजवळ थांबायला माणूस नसतो म्हणून व्हेट घरी पाठवतात, आणि कुत्र्यालाही घरीच बरं वाटतं. पण पॉलिसीमधली "हॉस्पिटलायझेशन"ची व्याख्या वाचा. तिथे सलग 24 तास भरती असं लिहिलेलं असेल तर तुमचे ते चार दिवस हॉस्पिटलायझेशन नाहीत, ओपीडी आहेत. मग टिक फिव्हर कव्हर असूनही 11 हजारातला एक रुपया मिळणार नाही. गोव्यातल्या माणसाने कुत्र्याचा विमा घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, डे-केअर सलाईन धरता का, आणि उत्तर लेखी घ्यायचं. "हो हो मॅडम, सगळं कव्हर आहे" याला काही अर्थ नाही, पॉलिसी वर्डिंगमधलं कलम कुठलं ते दाखवा म्हणायचं. मी तर म्हणते दोन पॉलिसींत बाकी सगळं सारखं असेल आणि एकीत डे-केअर धरत असतील तर हजारभर जास्त देऊन तीच घ्या.

त्याच्याच शेजारी अजून दोन गोष्टी बघायच्या, को-पे, म्हणजे बिलातला तुम्ही भरायचा वाटा, आणि मर्यादा. शेजाऱ्यांचं 48 हजारांचं बिलच घेऊ. समजा त्यातले 6 हजार डिस्चार्जनंतरचं खाणं आणि टॉनिकचे, ते धरत नाहीत, राहिले 42. को-पे 20 टक्के म्हणजे 8,400 तुमचे, राहिले 33,600. पण सम इन्शुअर्ड 30 हजारच असेल तर हातात येणार 30, खिशातून गेले 18. वाईट नाही, पण "सगळं कव्हर" पण नाही. म्हणून सम इन्शुअर्ड बघून घ्या, आणि पूर्ण रक्कम एका आजाराला वापरता येते की प्रत्येक आजाराला वेगळी मर्यादा घातलीय तेही विचारा. आणि कॅशलेसची आशा धरू नका, कुत्र्यांच्या बाबतीत पैसे आधी तुम्हीच भरायचे आणि मग मागायचे, हेच बहुतेक ठिकाणी चालतं, तेव्हा आरडी किंवा घरात थोडी रक्कम तयार लागतेच. मिस्टरांना हे पण सांगा, त्यांची आरडी इथे कामाला येते.

बिलाचं पण आत्ताच बोलून ठेवा व्हेटशी. आपले व्हेट चांगले आहेत, रात्री-अपरात्री येतात, पण कित्येकजण साध्या कागदावर आकडा लिहून देतात. क्लेमला चालत नाही ते. लेटरहेड हवं, रजिस्ट्रेशन नंबर हवा, कुत्र्याचं नाव, वय, निदान, तारीखवार खर्च हवा. आजारपणात मागायला संकोच वाटतो म्हणून आधीच सांगायचं.

लायबिलिटी का ठेवा म्हणाले ते. सकाळी पोंऽऽ पोंऽऽ करत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो आणि गावातला प्रत्येक कुत्रा त्याच्या सायकलमागे धावतो, हे आपण लहानपणापासून बघतोय. काळू चावणार नाही, मान्य, पण पोदेर सायकलवरून पडला, मनगट मोडलं, दोन महिने पाव विकता आला नाही, तर त्याची भरपाई कोणी करायची? आणि ती करायलाच हवी. त्याचं पोट त्यावर आहे. शिवाय कायदाही आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 291, प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि पिटबुलच्या हल्ल्यांनंतर 2025 मध्ये गोवा विधानसभेने हिंस्र जातींवर बंधनं आणि मालकाकडून नुकसानभरपाई यासाठीचं विधेयक मंजूर केलं, तेव्हा लॅब आणि गावठी कुत्र्यांच्या मालकांनीही जबाबदारीचा विचार करायचे दिवस आलेत. लायबिलिटी कव्हरचा प्रीमियम बाकीच्यांच्या मानाने सहसा कमी असतो. फक्त ते दंड भरत नाही, भरपाई भरतं, आणि घरच्या माणसाला किंवा घरकामाच्या बाईंना चावला तर बहुतेक वेळा धरत नाही. गेट बंद ठेवणं आणि पंचायतीत कुत्र्यांची नोंद करणं हे त्याच्या जोडीला करायचंच.

काळूचं वय. इथे घाई आहे. बजाजच्या त्या पॉलिसीत लहान, मध्यम, मोठ्या जातींना पहिल्यांदा घेताना 7 वर्षांपर्यंतची अट होती आणि 10 व्या वर्षी कव्हर संपायचं, ग्रेट डेनसारख्या अगदी अवाढव्य जातींना तर 4 आणि 6. न्यू इंडिया या सरकारी कंपनीच्या पॉलिसीत 8 आठवडे ते 8 वर्षं. आकडे कंपनीप्रमाणे बदलतात पण तऱ्हा सगळीकडे तीच, म्हातारपणी घ्यायला गेलात तर दार बंद. काळू 5 चा असेल तर दोन वर्षं हातात आहेत, पण 5 "च्या आसपास" म्हणजे 6 पण असू शकतो. मोठ्या कुत्र्याचं वय दात बघून अंदाजानेच सांगतात, किती झिजलेत, किती कीट चढलंय, त्यावरून, आणि किनाऱ्यावर वाढलेला कुत्रा वाळू-दगड चावून दात लवकर झिजवतो, त्यामुळे तो आहे त्यापेक्षा म्हातारा पण वाटू शकतो. व्हेटकडून वयाचा लेखी दाखला घ्या आणि सगळीकडे तीच तारीख द्या, एका फॉर्मवर 5 आणि एका कार्डावर 7 असं नको. आणि गावठी कुत्र्याला विमा मिळत नाही असं कोणी सांगितलं तर ते चुकीचं आहे, बऱ्याच पॉलिसींत देशी, मिक्स सगळे चालतात, पेडिग्री सर्टिफिकेट लागतंच असं नाही. दोघांपैकी एकाचंच परवडत असेल तर, अवघड आहे लिहायला पण सांगते, ब्राऊनीचं आधी घ्या. लॅबला सांध्यांचे, पोटाचे, लठ्ठपणाचे त्रास जास्त आणि ती अजून लहान आहे, कव्हर जास्त वर्षं वापरता येईल. काळूसाठी चिप, लसी आणि आरडी.

मात्र लॅबचे जे खास त्रास, हिप डिस्प्लेजिया (मागच्या पायाचा खुब्याचा सांधा नीट न बसणं) वगैरे, ते जन्मजात किंवा आनुवंशिक म्हणून कित्येक पॉलिसींत वगळलेले असतात, ते पान नीट वाचा. दात साफ करणं, बाळंतपण, नसबंदीचं ऑपरेशन हेही सहसा नसतं. ब्राऊनीची नसबंदी झालीय का ते तुम्ही लिहिलं नाहीत. झाली नसेल तर विम्याआधी त्याचा विचार करा ताई, कारण नसबंदी न झालेल्या मादीला वय वाढल्यावर गर्भाशयात पू होतो, पायोमेट्रा म्हणतात. पाळी होऊन गेल्यावर एक-दोन महिन्यांत कुत्री खूप पाणी प्यायला लागते, खात नाही, कधी खालून स्राव येतो तर कधी येतच नाही आणि तेव्हा जास्त धोका. रात्रीत ऑपरेशन करावं लागतं. काही पॉलिसी हा आजार प्रजननाशी संबंधित म्हणून धरतच नाहीत. नसबंदी केलेली असली की हा प्रश्नच मिटतो.

आता कधी घ्यायचा. आजारांसाठी वेटिंग पीरियड असतो, म्हणजे पॉलिसी सुरू झाल्यावर तेवढे दिवस आजाराचा क्लेम मिळत नाही, कित्येक पॉलिसींत 30 दिवस, काही आजारांना जास्त. अपघाताला बहुतेक ठिकाणी नसतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागतो, तर पॉलिसी एप्रिलअखेर सुरू झालेली हवी, नाहीतर ज्या महिन्यासाठी घेतली तोच महिना वेटिंगमध्ये जाणार. आणि गोचीड चावल्यापासून ताप यायला एक ते तीन आठवडे लागतात, तेव्हा पॉलिसी सुरू व्हायच्या आधीपासून अंगावर गोचिडी नकोतच.

गोचिडींवर दोन वाक्यं जास्त बोलते कारण तुमचे 11 हजार तिथेच गेले. नुसतं कुत्र्याला अंघोळ घालून उपयोग नाही, मादी गोचीड रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, चिऱ्याच्या गडग्यात, पोर्चच्या कोपऱ्यात जाऊन हजारोंनी अंडी घालते, आपली चिऱ्याची घरं म्हणजे त्यांना राहायला फटीच फटी. घर आणि कुत्रा दोन्हीकडे एकाच वेळी बघावं लागतं. व्हेटना विचारून गोळी सुरू करा, नेक्सगार्ड दर महिन्याला द्यायची असते, ब्रॅव्हेक्टोची एक गोळी 12 आठवडे चालते, वजनाप्रमाणे मात्रा असते म्हणून स्वतःच्या मनाने आणू नका, आणि कधी फिट आली असेल तर व्हेटना ते आधी सांगा. महाग वाटतात या गोळ्या, पण टिक फिव्हरच्या एका खेपेच्या मानाने स्वस्त पडतात, आणि ब्राऊनीच्या बाबतीत टिक फिव्हर विम्यातून वगळला जाण्याची शक्यता असल्यामुळे हाच तिचा टिक फिव्हरचा विमा समजा. आरडीतला पहिला खर्च हा.

पॉलिसी हातात आली की वर एक ग्राहक माहितीपत्रक असतं, त्यात काय कव्हर, काय नाही, वेटिंग किती हे थोडक्यात दिलेलं असतं, ते पहिल्याच दिवशी वाचा. ठरल्यापेक्षा वेगळं निघालं तर रद्द करता येते, 2024 पासून नियम असा आहे की वर्षाची पॉलिसी तुम्ही केव्हाही कारण न देता रद्द करू शकता आणि क्लेम घेतलेला नसेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, फी नाही, वकील लागत नाही, फक्त एक वर्षाच्या आत जायचं. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयचा फोन 155255. ढवळीच्या वेळी मला यातलं काही माहीत नव्हतं, व्हेटच्या पत्रालाही कंपनीचं नकाराचं ईमेल आलं आणि आम्ही गप्प बसलो. तुम्ही बसू नका.

तर या आठवड्यात व्हेटकडे एक खेप घाला. कार्डांवरचे स्टिकर, काळूच्या वयाचा दाखला, ब्राऊनीचा टिक फिव्हर कधी झाला आणि आता प्लेटलेट नॉर्मल आहेत असं पत्र, त्यासाठी परत एकदा रक्त तपासावं लागेल ते तपासा. तुमच्या व्हेटकडे चिप नसेल तर पणजीत टोंकच्या सरकारी पशुवैद्यकीय हॉस्पिटलात विचारून बघा. मग एजंटला दोन कव्हरचा नवा कोट मागा, डे-केअरचं लेखी मागा, आणि टिक फिव्हर लिहिलेल्या फॉर्मचा फोटो सही करायच्या आधी स्वतःकडे ठेवा. नवा कोट आला की मला पाठवा, वगळलेल्या गोष्टींच्या पानासकट, बसून बघू.